व्यायामानंतर दोन घास जास्त का लागतात?

वजन उतरवायचं ठरवून चालायला किंवा जिमला जाऊ लागलेल्या माणसाला आठ-पंधरा दिवसांतच एक कोडं पडतं. व्यायाम नव्हता तेव्हा दुपारी दोन पोळ्यांत भागत होतं, आता तिसरी लागते. संध्याकाळी चहावर भागायचं, आता हात शेंगदाण्यांच्या डब्याकडे जातो. तिसरी पोळी पोटात जाते आणि पानावरून उठताना मन खट्टू होतं: सकाळी एवढं चाललो, आणि सगळं घालवलं. त्यात घरातलं कोणी तरी म्हणतंच, "एवढं खायचं तर चालायला जायचं कशाला?" दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर अर्धा किलो वाढलेला दिसला की ती टोचणी पक्की होते.

व्यायामानंतर भूक का वाढते, किती खाल्लं तर केलेला व्यायाम खरंच वाया जातो आणि या टोचणीचा वजन उतरायला काही उपयोग होतो का, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. आपण त्यांची एकत्र मोट बांधतो आणि स्वतःला दोष देऊन मोकळे होतो. तेव्हा ते एकेक करून पाहू.

तासाभराच्या चालण्याचा हिशेब

70 किलो वजनाचा माणूस सपाट रस्त्यावर तासाभरात पाच किलोमीटर चालला, तर तो साधारण 245 कॅलरी खर्च करतो. पण तो तासभर नुसता खुर्चीत बसला असता तरी 70 कॅलरी लागल्याच असत्या. श्वास, हृदयाचे ठोके, मेंदूचं काम यांचा हा खर्च असतो. म्हणजे चालण्यापायी झालेला जादा खर्च सुमारे 175 कॅलरी.

आता ताटाकडे पाहू. 35 ग्रॅम कणकेची मध्यम पोळी सुमारे 120 कॅलरींची होते. तिच्यावर चमचाभर तूप घातलं की आणखी 45. म्हणजे तासभर चालण्याचा जादा खर्च एका तूप लावलेल्या पोळीने जवळजवळ भरून निघतो. साबुदाण्याच्या खिचडीची भरलेली बशी घेतली, तर साबुदाणा, दाण्याचा कूट, बटाटा आणि तूप मिळून आकडा साडेचारशे-पाचशेच्या घरात जातो.

हा हिशेब मन खट्टू करण्यासाठी मांडलेला नाही. चालण्याने जळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त जळतं असं आपण धरून चालतो आणि अपेक्षाभंगाची सुरुवात तिथेच होते. मनगटावरची घड्याळं त्यात भर घालतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये अशी सात उपकरणं तपासली. त्यांतली बहुतेक नाडीचे ठोके बऱ्यापैकी बरोबर मोजत होती, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकत होतं आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. घड्याळाने 400 कॅलरी जळाल्याचं दाखवलं म्हणून 400 कॅलरी खायला मोकळीक मिळाली, असं समजणं म्हणूनच धोक्याचं.

शरीरातली एक किलो चरबी जाळायला सुमारे 7,700 कॅलरींची तूट लागते. रोज 175 प्रमाणे आणि खाणं जराही न वाढवता, तेवढी तूट व्हायला दीड महिना लागेल. एका दिवसाच्या एका पोळीने महिनाभराची मेहनत बुडत नाही, तसंच एका दिवसाच्या चालण्याने किलो उतरत नाही. वजनाचा हिशेब आठवड्यांत आणि महिन्यांत होतो, टोचणी मात्र जेवणागणिक लागते.

भूक उशिरा का येते

जोरात पळून आल्यावर किंवा भरपूर घाम गाळल्यावर पहिला अर्धा-एक तास खावंसं वाटत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. त्यामागे संप्रेरकं आहेत. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागातून निघून रक्तावाटे दुसऱ्या भागाला निरोप देणारं रसायन. रिकामं जठर घ्रेलिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते मेंदूला भूक लागल्याचं कळवतं. जपानमधल्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते 1999 मध्ये शोधलं. जोराच्या व्यायामात रक्तातलं घ्रेलिन तात्पुरतं उतरतं. आतड्यातून निघणारं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं जीएलपी-1 त्याच वेळी वाढतं. वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांमुळे हे नाव आता घरोघरी माहीत झालं आहे. या दोन्हींमुळे भूक काही काळ दबते.

हा परिणाम तास-दोन तासांत ओसरतो. म्हणून सकाळी साडेसहाला व्यायाम करून नुसत्या चहावर ऑफिस गाठणाऱ्याला अकराच्या सुमारास कडकडून भूक लागते. त्या वेळी समोर असतो कँटीनचा वडा किंवा शेजारच्या टेबलावरची वाढदिवसाची पेस्ट्री. सकाळी भूक नव्हती म्हणून संयम पाळल्यासारखं वाटलं आणि अकराला तो सुटल्यासारखा वाटला. खरं तर दोन्ही वेळी संप्रेरकं आपापल्या वेळापत्रकाने चालत होती.

पोहणाऱ्यांची भूक आणखी वेगळी. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या एका प्रयोगात काही पुरुषांनी एकदा 20 अंशांच्या थंड पाण्यात आणि एकदा 33 अंशांच्या कोमट पाण्यात सारखाच व्यायाम केला. थंड पाण्यातून आल्यावर त्यांनी 44 टक्के जास्त खाल्लं. हिवाळ्यात पहाटे तलावात उतरणाऱ्यांनी स्वतःला हावरट म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं.

उतरलेलं वजन परत मागणारी भूक

नुसता व्यायाम करणाऱ्यापेक्षा व्यायाम करून वजनही उतरवणाऱ्याची भूक जास्त असते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने 1994 मध्ये लेप्टिन हे संप्रेरक शोधलं. ते चरबीच्या पेशींमधून निघतं आणि शरीरात साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देत राहतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं. मेंदू त्याचा अर्थ 'साठा कमी होतोय' असा लावतो आणि भूक वाढवतो. दुष्काळ आणि टंचाईत टिकून राहायला हीच यंत्रणा माणसाच्या उपयोगी पडली. आपण आपल्या मर्जीने वजन उतरवतोय, हे तिला कळायला मार्ग नाही.

ही भूक किती वाढते, याचा अंदाज अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडला. वजन एक किलो उतरलं की भूक दिवसाला सुमारे 100 कॅलरींनी वाढते, असं त्यांना दिसलं. पाच किलो उतरवलेल्या माणसाला रोज 500 कॅलरींची जादा ओढ अंगावर घेऊन वावरावं लागतं. मेलबर्नमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिलं की वजन उतरल्यावर वर्ष लोटलं तरी भुकेची संप्रेरकं पूर्वीच्या पातळीला आलेली नसतात.

म्हणजे तुमची भूक वाढली असेल, तर वजन खरोखर उतरू लागल्याची ती एक खूण असू शकते. तिला मनाचा दुबळेपणा म्हणणं शास्त्राला धरून नाही.

शरीराचा घरखर्च

वजन उतरण्याचा वेग मंदावण्यामागे खाण्याखेरीज आणखी एक कारण आहे. घरात महिन्याला ठरावीक पगार येतो. जूनमध्ये मुलांच्या शाळेची फी भरायची असली की आपण बाहेरचं जेवण टाळतो, नवे कपडे दिवाळीवर ढकलतो आणि महिन्याचा एकूण खर्च फारसा वाढू देत नाही. शरीरही काहीसं असंच करतं. व्यायामावर जास्त कॅलरी गेल्या की ते इतर ठिकाणी हात आखडतं. त्या दिवशी आपण नकळत जास्त वेळ बसून राहतो, एरवीची ऊठबस कमी होते, आणि आतल्या काही कामांवरचा खर्चही शरीर कमी करतं.

टांझानियात हाड्झा नावाचे लोक आजही शिकार करून आणि कंदमुळं, मध गोळा करून राहतात. पुरुष रोज सुमारे अकरा किलोमीटर चालतात, बायका सुमारे सहा. हर्मन पॉन्ट्झर यांनी त्यांचा दिवसाचा एकूण खर्च मोजला आणि 2012 मध्ये प्रसिद्ध केला. पुरुषांचा सुमारे 2,600 कॅलरी, बायकांचा सुमारे 1,900. शरीराचा आकार लक्षात घेतला, तर हा खर्च अमेरिका-युरोपातल्या बैठ्या माणसांइतकाच भरला. पुढे 2021 मध्ये हजाराहून अधिक लोकांच्या मोजमापांवरून असा हिशेब निघाला की हालचालीवर 100 कॅलरी खर्च केल्या, तर दिवसाच्या एकूण खर्चात सरासरी 72 कॅलरींचीच भर पडते, उरलेल्या 28 शरीर दुसरीकडे वाचवतं. ही काटकसर किती दूरवर जाऊ शकते, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. पण हिशेबातली प्रत्येक कॅलरी वजनात उतरत नाही, एवढं पक्कं.

व्यायाम तोच, परिणाम वेगळा

इंग्लंडमधल्या एका प्रयोगात जास्त वजनाच्या 35 जणांनी 12 आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, देखरेखीखाली व्यायाम केला. प्रत्येक वेळी 500 कॅलरी जळेपर्यंत तो चाले. सरासरी वजन 3.7 किलोंनी उतरलं. पण एकाचं 14.7 किलोंनी उतरलं आणि दुसऱ्या एकाचं 1.7 किलोंनी वाढलं. अपेक्षेपेक्षा कमी उतरलेल्यांची भूक वाढली होती आणि खाणंही. मेहनत मात्र सगळ्यांनी सारखीच केली होती. महत्त्वाचं म्हणजे कमी वजन उतरलेल्यांचाही दमसास सुधारला आणि रक्तदाब उतरला. काट्याला न दिसणारा फायदा त्यांच्या शरीराला मिळाला होता.

मग भूकच वाढणार असेल तर व्यायाम सोडून द्यावा का? याचं उत्तर आपल्याच देशातल्या एका जुन्या अभ्यासात सापडतं. झाँ मेयर हे हार्वर्डचे पोषणशास्त्रज्ञ. 1956 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीच्या 213 कामगारांचं खाणं, वजन आणि काम यांचा ताळा पाहिला. अंगमेहनत जितकी जास्त, तितकं खाणं जास्त, हे अपेक्षित होतं. खरी गंमत दुसऱ्या टोकाला होती. अगदी बैठं काम करणारे लोक हलकी हालचाल करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही जास्त होते. बसून राहिल्याने भूक कमी होत नाही. उलट, गरज आणि भूक यांचा मेळ बिघडतो. अलीकडच्या प्रयोगांतही दिसतं की काही आठवडे नियमित व्यायाम केल्यावर माणूस भरपेट खाल्ल्यानंतरच्या जेवणात आपोआप थोडं कमी खाऊ लागतो. व्यायामाने भूक वाढते, आणि ती शहाणीही होते.

काट्यावरचा अर्धा किलो कुठून आला?

आपण खातो त्या भात-पोळीतली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन या रूपात साठवतं. मोठ्या माणसाच्या स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम आणि यकृतात सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन मावतं. एक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. व्यायामात हा साठा वापरला जातो आणि नंतरच्या जेवणातून भरला जातो. 150 ग्रॅम ग्लायकोजेन पुन्हा भरलं, तर पाणी धरून काट्यावर 600 ग्रॅम वाढ दिसेल. त्यात चरबी नावालाही नसेल. शिवाय नवा व्यायाम सुरू केल्यावर दुखऱ्या स्नायूंमध्ये थोडी सूज येते, तिथेही पाणी साठतं. जेवणात लोणचं-पापड असले, तर मिठामुळे आणखी पाणी थांबतं.

एका रात्रीत अर्धा किलो चरबी चढायला सुमारे 3,850 कॅलरी जादा खाव्या लागतील. एका पोळीने ते होणं शक्य नाही.

टोचणीने काय साधतं?

अपराधी वाटलं की माणूस पुढच्या वेळी सांभाळून खाईल, असा आपला समज असतो. 1975 मध्ये सी. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही जणींना मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर आइस्क्रीम हवं तितकं चाखायला सांगितलं. जेवणावर एरवी बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. कायम डाएटवर असणाऱ्यांनी मात्र जास्त खाल्लं. पुढच्याच वर्षी जॅनेट पोलिव्ही यांनी दाखवलं की पदार्थात खरोखर किती कॅलरी आहेत याने फरक पडत नाही, 'यात भरपूर कॅलरी होत्या' असा समज करून दिला तरी पुरतं. नियम मोडला असं वाटलं की आजचा दिवस तर गेलाच, उद्यापासून बघू, असं म्हणत माणूस आणखी खातो.

म्हणजे तिसऱ्या पोळीने जितकं नुकसान होत नाही, तितकं तिच्याबद्दल वाटणाऱ्या टोचणीने होतं. संध्याकाळी फरसाणाचं पाकीट उघडलं जातं ते या टोचणीपायी. दुसरं नुकसान त्याहून मोठं. खाल्ल्याची शिक्षा म्हणून जो व्यायाम करतो, त्याला व्यायामाचा कंटाळा येतो आणि एक दिवस तो सुटतो.

खुराक आधीच ठरलेला असावा

कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठका आणि लढतीनंतरचा खुराक हा मेहनतीचाच भाग मानतात. बदामाची थंडाई, दूध, तूप हे किती आणि कधी घ्यायचं हे ठरलेलं असतं. भूक लागली म्हणून कोणी तिथे ओशाळत नाही. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला की अंग सुटतं, हेही प्रत्येक पैलवानाला ठाऊक असतं. आपल्याला पैलवानाचा खुराक नको, त्याची शिस्त हवी.

भूक अकराला लागणार हे माहीत असेल, तर साडेआठलाच पोटाला आधार द्यावा. त्यात प्रथिनं असावीत, कारण त्यांनी पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं आणि व्यायामाने ताणलेल्या स्नायूंची भरपाई होते. वाटीभर मुगाच्या उसळीतून सुमारे सात ग्रॅम प्रथिनं मिळतात, दोन अंड्यांतून बारा. पिठलं-भाकरी, दही घातलेलं थालीपीठ, डाळ घातलेली लापशी हे सगळं चालेल. पोहे करायचे तर त्यात मटार आणि दाणे घालून वर मोड आलेली मटकी घ्यावी. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 70 किलोंच्या माणसाला सुमारे 58 ग्रॅम. वजन उतरवत असताना आहारतज्ज्ञ बऱ्याचदा याहून जास्त सुचवतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

जादा घास कशाचा, याने मोठा फरक पडतो. तिसरी पोळी हवी तर खुशाल घ्यावी, फक्त तिच्याबरोबर उसळ आणि कोशिंबीर वाढून घ्यावी. व्यायाम केल्याचं बक्षीस म्हणून गोड सरबत किंवा पाकिटातला रस मात्र टाळावा. त्याने पोट भरत नाही आणि कॅलरी गुपचूप चढतात.

> थोडक्यात
> • तासभर चालण्याचा जादा खर्च सुमारे 175 कॅलरी. घड्याळाचा आकडा प्रमाण मानू नका.
> • जोराच्या व्यायामानंतर भूक आधी दबते, मग उसळते. तिची वेळ ओळखून खाणं आधीच ठरवा.
> • वजन उतरलं की भूक वाढणं हा शरीराचा स्वभाव आहे.
> • काट्यावर एका रात्रीत वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं असतं. आठवड्याची सरासरी पाहा.
> • टोचणीने खाणं आणखी वाढतं. नियम मोडला तर पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा.

सावध कधी व्हायचं

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामानंतर भुकेबरोबर थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटलं, तर रक्तातली साखर धोकादायक उतरलेली असू शकते. तेव्हा हिशेब न करता लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यावं आणि नंतर डॉक्टरांशी औषधाच्या मात्रेबद्दल बोलावं. भरपूर व्यायाम आणि अपुरं खाणं सतत चालू राहिलं तर पाळी अनियमित होते, हाडं कमकुवत होतात, दुखापती वारंवार होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये खेळाडूंमधल्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं, पण ती मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या कोणालाही गाठू शकते.

आणि खाल्लेलं लपवावंसं वाटत असेल, जेवणानंतर फेडल्यासारखा व्यायाम करत असाल, दिवसाचा मोठा भाग खाण्याच्या विचारात जात असेल, तर ते एकट्याने सोसू नका. डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मराठीतूनही मदत करतो.

बाकीच्यांनी काट्याबरोबर इतर मोजमापंही ठेवावीत: महिन्यातून एकदा कमरेचा घेर, सकाळी उठल्यावरची नाडी, जिना चढताना लागणारी धाप, रक्तदाब आणि साखर. कमरेचा घेर भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा. वजन जागचं हललं नाही तरी नियमित व्यायामाने यांतलं बरंचसं सुधारतं, आणि मधुमेह व हृदयविकार दूर ठेवण्यात त्याचाच मोठा वाटा असतो. पोटभर, विचाराने आणि मोकळ्या मनाने जेवणारा माणूसच हा व्यायाम वर्षानुवर्षं चालू ठेवू शकतो.